ती हे वाचणार नाही

शलाका मगदूमचे नाव पहिल्यांदा वर्तमानपत्रात आले ते एका शब्दापायी. शब्द होता ‘काढा’.

मजकूर लिहिण्याचा ‘बोरू’ हा प्रोग्राम तेव्हा नुकताच मराठीत आला होता. त्याच्या मेनूमधल्या शब्दांकडे कोणी फारसे लक्ष दिले नव्हते. इंग्रजी शब्दाला कोशात जो पहिला मराठी शब्द सापडला, तो तिथे बसवून दिला होता. जतचे एक निवृत्त प्राध्यापक, विरूपाक्ष हत्तळी, त्या प्रोग्रामवर आपल्या माळरानावरच्या गवतांची माहिती कित्येक वर्षे खपून लिहीत होते. लिहून संपल्यावर त्यांना ती छापून हवी होती. आपण मराठीत प्रिंट काढतो, झेरॉक्स काढतो, फोटो काढतो. त्यांनी मेनू उघडला, ‘काढा’ हा शब्द पाहिला आणि दाबला. प्रोग्रामने विचारले, ‘सर्व काढायचे?’ ते हो म्हणाले. ‘नक्की?’ त्यावरही ते हो म्हणाले. दोनदा होकार मिळाल्यामुळे प्रोग्रामने सर्व्हरवर ठेवलेली प्रतसुद्धा पुसून टाकली.

प्राध्यापक बोरूच्या पुण्यातल्या ऑफिसात आले. कागद तिकडे छापून पडले असतील, अशी त्यांची समजूत होती. ते पिशवी घेऊन बसले होते आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारत होते, माझे कागद कुठल्या टेबलावर मिळतील. खरे काय झाले ते त्यांना सांगायला सगळ्यांनी तिथे नोकरीला असलेल्या शलाकाला पुढे केले, कारण ती सांगलीची होती आणि प्राध्यापक त्याच भागातले. तिने सांगितले. त्यांनी पिशवीची घडी घातली, ती खिशात ठेवली आणि ते गेले.

त्यानंतर शलाकाने बोरूमधला एकेक शब्द बदलला. ‘काढा’च्या जागी कुठे ‘कागदावर छापा’ आले, कुठे ‘कायमचे पुसून टाका’. बटणावर बोट नुसते टेकवले की जी छोटी पिवळी चौकट उघडते, तिला ऑफिसात ‘टीप’ म्हणत. त्या टिपांसाठी तिने नियम घालून दिला. टिपेने एकच गोष्ट सांगायची: हे बटण दाबले तर काय होईल. ‘बहुधा’, ‘शक्यतो’, ‘कदाचित’ हे शब्द टिपेत येता कामा नयेत. वापरणाऱ्याला शंका आली तर तो दोष वापरणाऱ्याचा नव्हे, लिहिणाऱ्याचा. हे नियम पुढे बाकीच्या कंपन्यांनी उचलले, आणि शलाकाला दिल्लीत व्याख्यानाला बोलावू लागले.

कामातली ही स्वच्छता तिला घरात कधी साधली नव्हती.

तिचे वडील, आप्पा, फुप्फुसाच्या आजाराने गेले. शेवटी ते यंत्राच्या श्वासावर होते. धाकटा भाऊ अभिनंदन मस्कतला नोकरीला होता; कळवल्याबरोबर तो विमानात बसला, मुंबईला उतरला आणि गाडी करून सांगलीकडे निघाला. डॉक्टरांनी सांगितले होते की आता काही होण्यासारखे नाही, नळी कधी काढायची ते घरच्यांनी ठरवावे. शलाकाचे म्हणणे होते की अभी येईपर्यंत थांबू. आईला ते सोसेना. आप्पांचे डोळे उघडे होते आणि ते आईकडेच पाहत होते. आईने शलाकाला दाराबाहेर नेले आणि म्हणाली, “सोडव त्यांना. आत्ताच्या आत्ता. मला बघवत नाही.” शलाकाने सही केली. तेव्हा अभीची गाडी साताऱ्याच्या पुढे आली होती.

तो पोचला तो थेट आप्पांच्या खोलीत गेला आणि बाहेर येऊन त्याने विचारले, सही कोणी केली. आई भिंतीला टेकून उभी होती. तिने पदर तोंडात धरला आणि मान खाली घातली. शलाका म्हणाली, “मी केली.” आई आता सांगेल, असे तिला वाटले. आई बोलली नाही. त्या दिवशीही नाही आणि पुढे कधीच नाही. अभीने मस्कतची नोकरी सोडली, कुपवाडला हळद पॉलिश करण्याचा कारखाना घेतला आणि आईला आपल्याकडे ठेवून घेतले. बहिणीवर आईला सोपवायची त्याची तयारी नव्हती, आणि हे त्याने नातेवाइकांत बोलूनही दाखवले.

पहिल्या वर्षात त्याने शलाकाला तीन निरोप पाठवले. पहिल्याची सुरुवात वाचून तिला पुढे वाचवेना. नंतरचे दोन तिने उघडलेच नाहीत. तिला रागावता येत नव्हते, कारण खरे सांगितल्याशिवाय रागावणार कसे? लेकीकडे राहायला आई कधीच तयार नव्हती; खरे सांगितले असते तर तिला राहायला घर कुठले उरले असते? त्यानंतर दोघांत काहीच उरले नाही. आईचा फोन आला की ती अभीचे, त्याची बायको त्रिशला हिचे कुशल विचारी, आणि आई सगळे बरे आहे असे सांगे.

याच सुमारास डॉ. फिरोज इनामदार बोरूत आले. ते संख्याशास्त्रज्ञ होते आणि त्यांच्याकडे एक नवी कल्पना होती.

ती समजायला अवघड नव्हती. बोरू तोवर निम्म्या महाराष्ट्राच्या फोनवर होता. पत्र, अर्ज, निरोप, सगळे त्यातच लिहिले जाई आणि त्यातच वाचले जाई. कोण कुणाचा निरोप लगेच उघडतो, कुठल्या ओळीवर थबकतो, कुणाचे नाव दिसताच फोन पालथा ठेवतो, हे सगळे प्रोग्रामला दिसत होते. इनामदारांनी त्यावरून प्रत्येक माणसाची एक प्रतिकृती तयार केली. तिला ते ‘छाया’ म्हणत. छाया म्हणजे त्या माणसाचे मन नव्हे. त्याच्या वाचण्याच्या सवयींचा सांगाडा. तुम्ही एखाद्याला काही लिहिलेत की बोरू ते पाठवण्याआधी त्याच्या छायेला हजार वेळा वाचायला देई. कधी छाया दमलेली असे, कधी मजेत, कधी घाईत, जसा माणूस असतो तशी. हजारांपैकी किती वेळा तिने मजकूर उघडला, किती वेळा उत्तर दिले, हे मोजून बोरू अंदाज बांधी. ‘पाठवा’ या बटणावर बोट टेकवले की पिवळ्या चौकटीत तो अंदाज दिसणार होता.

बटण दाबले तर काय होईल, ते टिपेने सांगायचे. शलाकाच्या नियमाची याहून पुरी अंमलबजावणी कोणती असणार होती?

प्रश्न शब्दांचा होता. इनामदारांना टिपेत आकडा हवा होता आणि ‘बहुधा’ हा शब्द हवा होता. शलाकाने साध्या माणसांना बोलावून चाचणी घेतली. बारामतीच्या एका कारकुनाने टीप पाहिली: ‘हजारातल्या सहाशे वीस शक्यतांत हे बहुधा वाचले जाणार नाही.’ त्याने ती पुन्हा वाचली आणि शलाकाला विचारले, म्हणजे पाठवू की नको? बाकीचेही तिथेच अडले. मग तिने दुसरी टीप दाखवली: ‘ते हे वाचणार नाहीत.’ यावर एकानेही प्रश्न विचारला नाही. निम्म्याहून जास्त वेळा जे घडेल ते सरळ सांगायचे, असा तिने निर्णय दिला.

इनामदार तिच्या टेबलाशी आले.

“शलाका, हे खोटं आहे,” ते म्हणाले.

“हे स्पष्ट आहे.”

“सहाशे वीस म्हणजे नक्की नव्हे. उरलेल्या तीनशे ऐंशी वेळा तो माणूस वाचतोय.”

“फिरोज, तुमचा आकडा तुम्हाला कळतो. बारामतीच्या माणसाला नाही कळत. त्याला मी शंका देऊ का? शंकेनं काय होतं ते मी पाहिलंय.”

त्यांनी आणखी थोडी हुज्जत घातली, पण चाचणीचा निकाल तिच्या बाजूने होता. संचालकांनी तिची टीप घेतली.

लोकांना ती आवडली. आधी आवडली ती प्रेमात पडलेल्यांना, कारण नकार ऐकण्याची नामुष्की वाचली. नांदेडच्या एका मुलीने मुलाखतीत सांगितले की तिने एका मुलाला चार वेळा लिहिले आणि चारही वेळा टीप वाचून पुसले, आणि आता ती मोकळी झाली आहे. मग नोकरीचे अर्ज आले. वाशीमच्या गावांत पोरे अर्ज भरत, बोट टेकवत आणि ‘हा अर्ज उघडला जाणार नाही’ वाचून फोन खिशात टाकत. कंपन्यांनाही ते सोयीचे होते. एका महानगरपालिकेने तक्रारींच्या पानावर टीप बसवून घेतली. ‘या तक्रारीवर कारवाई होणार नाही.’ तक्रारी इतक्या कमी झाल्या की महापौरांनी त्याचे फलक लावले. पुढे सरकारी पानांवर टीप असलीच पाहिजे, आणि ती शलाकाने ठरवलेल्या धाटणीतच असली पाहिजे, असा नियम झाला.

आणि टीप चुकत नव्हती. दर महिन्याच्या अहवालात तिची अचूकता वाढलेली दिसे. एका बैठकीनंतर इनामदार मागे थांबले. ते म्हणाले की ही अचूकता म्हणजे भ्रम आहे. ‘वाचणार नाही’ असे सांगितल्यावर माणसे पाठवतच नाहीत. मग तो अंदाज चुकला असता की नाही, हे छायेला कळणार कुठून? चुकीचा पुरावा जन्मायच्या आधीच नाहीसा होतो, आणि उरलेल्यावरून यंत्र स्वतःला शंभरपैकी शंभर गुण देते. शलाकाने ऐकून घेतले. तिला ते शास्त्र समजले होते. पण लोक पूर्वीपेक्षा कमी दुखावतात हेही खरे आहे, आणि तेवढे पुरेसे नाही का, असे तिने विचारले. इनामदारांनी आपले कागद उचलले.

ती स्वतःही टीप वापरत होती. एका दुपारी, आप्पांच्या आठवणीने, तिने अभीला लिहायला घेतले. बराच वेळ लिहिले. आईचे नाव कुठे येऊ दिले नाही. मी सही केली, त्याचे मला वाईट वाटते, तुला बघावेसे वाटते, एवढेच त्यात होते. मग तिने ‘पाठवा’वर बोट टेकवले. चौकट उघडली.

‘तो हे वाचेल. उत्तर देणार नाही.’

तिने मजकूर दोन-तीनदा बदलून पाहिला. टीप बदलली नाही. अभीने वाचून गप्प बसणे तिला न वाचण्यापेक्षाही कठीण वाटले. फोन करता आला असता. पण जो उत्तर देणार नाही हे स्वच्छ कळले आहे, त्याला फोन तरी कशाला करायचा? लोकांनी टिपेवर भरवसा ठेवावा म्हणून ती गावोगाव बोलत हिंडली होती. तिने मजकूर पुसून टाकला आणि पुन्हा कधी लिहिला नाही.

अभी गेला तो अचानक. पौषात आईचा फोन आला होता की त्याच्या पोटात दुखते म्हणून दवाखान्यात ठेवले आहे, काळजीचे काही नाही. आईला तेवढेच सांगितले होते. खरे तर स्वादुपिंडाला सूज आली होती आणि ती हाताबाहेर चालली होती. तो शुद्धीवर होता, बोलत होता, मग दोन दिवसांत सगळे संपले. शलाका पोचली तेव्हा घरात माणसे गोळा झाली होती. तिने भावाचे तोंड पाहिले. त्याच्या कानशिलावरचे केस पिकले होते, हे तिला ठाऊक नव्हते.

सगळे विधी उरकल्यावर ती चार दिवस कुपवाडलाच राहिली. त्रिशला तिच्याशी नीट वागत होती. चहा विचारत होती, अंथरूण घालून देत होती. ती मूळची बेळगावकडची, कमी बोलणारी. शेवटच्या दिवशी दोघी मागच्या पडवीत वाळलेले कपडे घड्या करत होत्या. आई आत पडली होती. त्रिशलाने विचारले, “ताई, तुम्ही ती टीप लिहिता ना? पाठवायच्या आधी येते ती?”

शलाका हो म्हणाली.

मग त्रिशलाने सांगितले. दवाखान्यात दुसऱ्या दिवशी अभीने फोन मागून घेतला आणि ताईला लिहायला बसला. हाताला सलाईन होते, तरी अर्धा तास लिहीत होता. काय लिहिले ते त्याने तिला दाखवले नाही, तिनेही विचारले नाही. लिहून झाल्यावर त्याने बोट टेकवले आणि तो नुसता बघत राहिला. म्हणून तिने वाकून पाहिले. ‘ती हे वाचणार नाही’, असे आले होते.

“मी म्हटलं, यंत्राचं काय मनावर घेता, सरळ फोन करा. तर म्हणाले, ही यंत्राची भाषा नाही. ही ताईची भाषा आहे. लहानपणीसुद्धा ती अशीच बोलायची, मोजून.” त्रिशला हातातल्या टॉवेलची घडी पुन्हा उलगडून नीट घालू लागली. “म्हणाले, तिनं स्वतः लिहिलंय हे. तिला नको असेल तर कशाला? आणि पुसून टाकलं.”

शलाकाने हातातली घडी खाली ठेवली. ते वाक्य तिनेच लिहिले होते. पण अभीसाठी नाही, लाखो माणसांसाठी. एवढा साधा फरक मरणाच्या दारातल्या माणसाला कोण समजावून सांगणार होते?

“मला एवढंच कळू दे,” त्रिशला म्हणाली. “ते खरं होतं का? तुम्ही वाचलं नसतं?”

शलाकाने सांगितले की ती बघून येईल. त्रिशलाने मान हलवली. तिने आग्रह केला नाही, पण ती वाट पाहील हे शलाकाला समजले.

पुण्याला परतल्यावर ती इनामदारांकडे गेली. पुसलेला मजकूर परत मिळणे शक्य नव्हते. ‘कायमचे पुसून टाका’ म्हणजे कायमचेच, हा नियमही तिचाच होता. पण टीप दाखवण्यापूर्वीची मोजणी बोरू साठवून ठेवत असे. इनामदारांनी अभीच्या फोनवरची ती नोंद शोधली. त्या दिवशी शलाकाच्या छायेला भावाचा मजकूर हजार वेळा वाचायला दिला होता. पाचशे चौदा वेळा तिने तो उघडला नव्हता. चारशे शहाऐंशी वेळा उघडला होता.

इनामदारांनी पडदा तिच्याकडे वळवला आणि ते स्वतः खिडकीशी जाऊन उभे राहिले. जवळपास निम्म्या वेळा. नाणे उडवण्यात आणि यात फरक नव्हता. ते न उघडलेले दोन निरोप छायेने लक्षात ठेवले होते. पण त्याचबरोबर ती फोनवर अभीचे नाव उघडून किती वेळा नुसती बघत बसली होती, हेही छायेने धरले होते. त्यामुळे छायेचा निश्चय होत नव्हता. निश्चय टिपेच्या शब्दांनी केला होता.

“तुम्ही त्याला लिहिलं होतं का कधी?” इनामदारांनी विचारले. “तेव्हाचीही मोजणी असेल. आणि छाया रोज बदलते. तोच मजकूर नंतर पाठवला असता तर काय झालं असतं, तेही बघता येईल.”

“नको,” शलाका म्हणाली.

त्याच आठवड्यात तिने संचालकांपुढे टीप बदलण्याचा प्रस्ताव ठेवला. त्यांनी तिचे सांत्वन केले आणि तिला बारामतीच्या चाचणीचा निकाल दाखवला. शिवाय धाटणी आता सरकारी नियमात होती. ती बदलायला कंपनी कोण? वाटल्यास तिने सुट्टी घ्यावी, असे ते म्हणाले. इनामदार बैठकीत होते. त्यांचे जे म्हणणे होते ते वेळेवर सांगून झाले होते.

सुट्टी तिने घेतली ती कुपवाडला जाण्यासाठी. बसमध्ये तिने पुष्कळ वाक्ये जुळवली. ‘मी वाचलं नसतं’ असे सांगितले तर त्रिशलाला वाटेल की नवऱ्याने जे केले ते बरोबर केले. त्याने संधी वाया घालवली नाही. ‘मी वाचलं असतं’ असे सांगितले तर तिच्या मनात जन्मभराची ठसठस राहील. दोन्ही वाक्ये स्पष्ट होती, आणि दोन्ही खोटी होती.

पोचली तेव्हा ऊन उतरायला लागले होते; परतीची गाडी रात्रीची होती. जैन रिवाजाप्रमाणे दिवस मावळायच्या आत जेवायचे म्हणून त्रिशलाची घाई चालली होती. आई बाहेरच्या खोलीत परातीत पावट्याच्या शेंगा घेऊन सोलत बसली होती. तिला हल्ली कमी दिसे, पण शेंगा ती हातांनीच ओळखे. कारखाना बंद होता. अंगणात पोती तशीच पडलेली होती आणि सगळ्या घरात हळदीचा कोरडा वास होता. जेवणे झाली, आई पुन्हा शेंगा घेऊन बसली. मग त्रिशला हात पुसत समोर येऊन बसली.

शलाकाने आकडे सांगितले, पाचशे चौदा आणि चारशे शहाऐंशी. त्यांचा अर्थ काय तेही सांगितले, आणि टिपेतून आकडा आणि ‘बहुधा’ कोणी काढून टाकले, तेही. त्रिशलाने सगळे ऐकून घेतले.

“म्हणजे यंत्राला माहीत नव्हतं,” ती शेवटी म्हणाली.

“नव्हतं.”

“आणि तुम्हाला?”

“मी वाचलं असतं, त्रिशला. मला वाटतं, मी वाचलं असतं.”

“आता वाटतंय तुम्हाला.” तिचा आवाज चढला नाही. “एक सांगू का, ताई? आप्पांच्या वेळी ते साताऱ्यापर्यंत आले होते. दोन तास थांबायचं होतं. तुम्ही थांबला नाहीत. मी लग्न होऊन आले तेव्हापासून ते मला हे सांगत होते, आणि मी म्हणायची, असं कसं होईल, त्यांच्याही मनाला काही असेल. मी तुमची बाजू घ्यायची. दवाखान्यातसुद्धा घेतली. आता नाही घेणार. तुम्ही बापाच्या वेळी त्यांना दाराबाहेर ठेवलंत आणि त्यांच्या स्वतःच्या वेळीही ठेवलंत.”

खोलीत शेंगा मोडल्याचा आवाज येत होता, तो थांबला.

शलाकाने आईकडे पाहिले. आईची बोटे परातीत तशीच होती आणि तोंड त्या दोघींकडे होते. अभी आता नव्हता. त्याने घराबाहेर काढण्याची भीती उरली नव्हती. सांगायला एक वाक्य पुरेसे होते, आणि ते वाक्य आईचे होते. शलाकाने ते सांगितले असते तर तो आरोप झाला असता, आणि म्हातारीला सांभाळणारी आता त्रिशलाच होती. शलाकाने वाट पाहिली. त्रिशलासुद्धा, काही उमजून म्हणा किंवा नुसती नजर वळली म्हणून, सासूकडे पाहू लागली.

आईने एक शेंग उचलली, चाचपली आणि सोलली. दाणे परातीत पडले.

“शलाका,” ती म्हणाली, “तुझी गाडी चुकेल.”

त्रिशला उठली आणि आत जाऊन शलाकाची बॅग घेऊन आली. तिने ती दाराशी ठेवली. शलाका वाकून आईच्या पाया पडली. आईने तिच्या डोक्यावर हात ठेवला, पुष्कळ वेळ ठेवला, आणि मग काढून घेतला.